खाडीच्या काठाने तीन दिवस

ताई, स. न. वि. वि.

आम्ही इचलकरंजीचे. यंत्रमागाच्या सुट्या भागांचा आमचा छोटा कारखाना आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये प्रदर्शन आहे, शुक्रवार ते रविवार. आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच स्टॉल घेतलाय. स्टॉलचं भाडं, मशीन आणायचा ट्रक, लॉज, सगळं धरून आधीच बरेच पैसे गेलेत. मी, चौदा वर्षांची मुलगी आणि सासूबाई सोबत येतोय. कुर्ल्याला लॉज घेतलाय. हे म्हणतात, "तिथं काचेच्या बिल्डिंगांशिवाय काही नाही, बाहेर पडलं की पैसा, त्यापेक्षा खोलीवर टीव्ही बघा." मुलगी चित्रं काढते, तिला मुंबई बघायची आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण काठी घ्यायला त्या लाजतात. तिकिटं न काढता, फार लांब न जाता, तीन दिवसांत आम्ही तिघी काय बघू शकतो? काठी न्यावी का?

– एक वाचक, इचलकरंजी

* * *

ताई, खोलीवर अजिबात बसू नका. तुमचे यजमान ज्या जागेबद्दल "काही नाही" म्हणताहेत, तिच्या उशालाच मी लहानाची मोठी झाले. माझे वडील मंत्रालयात कारकून होते, वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत आम्हाला दोन खोल्या होत्या. आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे तेव्हा चिखल होता, तिवरं होती आणि ओहोटीला येणारा वास होता. पगार बेताचा, घरात आम्ही पाच जण. रविवारी वडील आम्हाला घेऊन निघायचे ते फुकटातलीच ठिकाणं शोधून. त्यामुळे तुमचं पत्र वाचलं आणि मला काही आठवावं लागलं नाही, पाय आपोआप त्या वाटांवर गेले.

एक गोष्ट आधी मनात बसवा, म्हणजे तीन दिवस सोपे होतील. तुम्ही उतरणार आहात ती जागा खाडीचा काठ आहे. विहार आणि पवईच्या तलावांतून निघालेली मिठी नदी कुर्ल्यावरून या बीकेसीला वळसा घालते आणि माहीमच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला वांदरं, म्हणजे जुनं साष्टी बेट. दक्षिणेला माहीम, धारावी, शीव, म्हणजे जुनी मुंबई. आज पुलावरून गाडी दोन मिनिटांत पार होते, पण शंभरेक वर्षं ही दोन राज्यांमधली हद्द होती. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे इंग्रज, आणि पुढे अलीकडे मराठे. म्हणून या खाडीच्या तोंडापासून आतपर्यंत किल्ल्यांची रांग आहे. मुंबईत कुठेही जायचं तर लोक "गेटवे, मरीन ड्राइव्ह" म्हणतात. तुम्ही तेवढ्या लांब धावू नका. खाडीच्या काठाने चाला. बहुतेक ठिकाणी तिकीटच नाही.

शुक्रवारी वांद्र्याचा किल्ला करा. शनिवार-रविवारी बँडस्टँडला, म्हणजे किल्ल्याकडे जाणाऱ्या समुद्राकाठच्या रस्त्याला, पाय ठेवायला जागा नसते, म्हणून शुक्रवारच. सकाळी यजमानांना स्टॉलवर सोडलंत की परत लॉजवर या, जेवा, सासूबाईंना थोडं लवंडू द्या आणि तीनच्या सुमारास निघा. बीकेसीतून किंवा कुर्ला पश्चिमेहून बेस्टची बस वांद्रे स्टेशनला जाते, दहा-बारा रुपयांत काम होतं. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा करा. तिघी असाल तर इथे रिक्षाचे पैसे वाचवू नका. मीटरचं किमान भाडं २६ रुपये आहे, तिथून थोडं पुढे जाईल एवढंच. रिक्षावाल्याला "बँडस्टँड" नको, "मोत माउली" सांगा.

मोत माउली म्हणजे माउंट मेरीचं चर्च. इंग्रजी नावाचं आपल्या लोकांनी केलेलं हे रूप मला फार आवडतं. आगरी-कोळ्यांनी, वांद्र्याच्या ख्रिस्ती लोकांनी आणि आमच्यासारख्या वसाहतीतल्या घरांनी तिला माउलीच केली. सध्याची इमारत १९०४ ची आहे, जागा त्याहून कितीतरी जुनी. सप्टेंबरात मेरीच्या जन्मदिवसाला जोडून इथे आठवडाभर जत्रा भरते, तेव्हा मुंबईतल्या सगळ्या धर्मांचे लोक या टेकडीवर येतात. तुम्ही डिसेंबरात येताय, गर्दी नसेल. रिक्षा थेट दारापर्यंत जाते, सासूबाईंना टेकडी चढायची गरज नाही.

चर्चच्या बाहेर मेणबत्त्यांच्या टपऱ्या आहेत. तिथे मुलीला थांबून बघायला सांगा. नुसत्या मेणबत्त्या नसतात. मेणाचा पाय असतो, मेणाचा हात, मेणाचं तान्हं बाळ, मेणाचं घर. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते तो माउलीसमोर ठेवतो. माझा धाकटा भाऊ सातवीत असताना झाडावरून पडला आणि त्याची नडगी मोडली. प्लॅस्टर निघाल्यावर पाय जरा वाकडा वाटायला लागला. आई दर मंगळवारी गणपतीचा उपास करणारी बाई, पण तिने इथे येऊन वीतभर लांबीचा एक पिवळट पाय घेतला. मी तो हातात धरला होता. गुडघ्याची वाटी, पाचही बोटं, घोट्याचं हाड, सगळं साच्यातून नीट आलेलं, आणि तळव्याला मेणाचा एक ओघळ वाळून राहिला होता. आईने तो ओघळ नखाने काढला आणि मग पाय वेदीपाशी ठेवला. भावाचा पाय पुढे बरा झाला. कशाने, ते आम्ही कधी विचारलं नाही. तुमच्या सासूबाईंना हवा असेल तर एक मेणाचा गुडघा घेऊ द्या, थोडे पैसे जातील. नुसता हात जोडायला मात्र काही लागत नाही.

तिथून उताराने किल्ल्याकडे या. सासूबाईंचे गुडघे उताराला जास्त दुखत असतील तर पुन्हा रिक्षाने, किनाऱ्याच्या टोकापर्यंत. वांद्र्याचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला. त्याचं नाव अग्वाद. गोव्याला गेला असाल तर हे नाव ओळखीचं वाटेल. पोर्तुगीज भाषेत अग्वाद म्हणजे जहाजांनी गोडं पाणी भरून घ्यायची जागा. दारावर पोर्तुगीज अक्षरं कोरलेला दगड अजून आहे, मुलीला तो तिच्या वहीत उतरवू दे. आत फार काही शिल्लक नाही, आणि त्यालाही कारण आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, उरलीसुरली साष्टीही मराठ्यांच्या हाती आली. हा किल्ला मराठ्यांना मिळाला असता तर समोरचं माहीम त्यांच्या तोफांच्या टप्प्यात आलं असतं. म्हणून मराठ्यांच्या हाती लागण्याआधीच इंग्रजांच्या सल्ल्याने त्याचे बुरूज पाडले गेले. आपण पडक्या भिंतीवर बसतो तेव्हा ती काळाने पाडली असं वाटतं. ही भिंत मराठ्यांच्या धाकाने पाडलेली आहे. मला हे वडिलांनी सांगितलं तेव्हा मी मुलीएवढीच होते आणि त्या दिवसापासून तो दगड मला वेगळा दिसतो.

किल्ल्यावर थोडं चढायला आहे. सासूबाईंना खालच्या बागेतल्या पायऱ्यांवर सावलीत बसवा, तिथूनही समुद्र दिसतो. तुम्ही दोघी वर जा. समोर सागरी सेतू असेल, साडेपाच किलोमीटरच्या आसपासचा, २००९ मध्ये सुरू झालेला. डावीकडे खाडीचं तोंड आणि पलीकडे माहीम. सूर्य बुडताना दगड तांबूस होतात. तेवढं बघा आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा, वाट खडबडीत आहे.

बँडस्टँडवर एका बंगल्याच्या फाटकासमोर पोरापोरींची गर्दी दिसेल. तो शाहरुख खानचा. मुलीचा हट्ट असेल तर पाच मिनिटं थांबा, फोटो काढा, पुढे चला. त्या फुटपाथवर अर्धा दिवस घालवणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांनी जवळचाच किल्ला पाहिलेला नसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेळ उरला तर चॅपल रोड आणि रणवार. हिल रोडवर उतरून चालत जाता येतं, रस्ता सपाट आहे. या गल्ल्या म्हणजे वांद्र्याची जुनी गावठाणं. बैठी घरं, बाहेरून लाकडी जिना, पुढे पडवी. इथले मूळ लोक ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आणि त्यांची घरातली भाषा मराठी आहे, त्यांची स्वतःची लय असलेली मराठी. त्यांचा बाटली मसाला उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवतात, जसा तुमच्याकडे कांदा-लसूण मसाला. नाक्यानाक्यावर दगडी क्रूस दिसतील. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा माणसं वाचावीत म्हणून लोकांनी असे कितीतरी क्रूस उभारले. तुम्ही याल तेव्हा नाताळ तोंडावर असेल, खिडक्यांत कागदी चांदण्या लागलेल्या असतील. आणि भिंतीवर चित्रं. मोठाली, रंगीत, नटनट्यांची, माशांची, मांजरांची. जुनी पुसली जातात, नवी येतात, म्हणून कुठलं कुठे आहे हे मी सांगत बसत नाही. चित्र काढणाऱ्या मुलीला इथे सोडलंत तर ती तासभर हलणार नाही. एवढंच सांगा तिला, भिंतीचे फोटो कितीही काढ, पडवीत बसलेल्या आजी-आजोबांचे काढायचे तर आधी विचार. ही माणसं प्रदर्शनात मांडलेली नाहीत, स्वतःच्या दारात बसली आहेत.

आता शनिवार. सासूबाईंना सिद्धिविनायक हवा असणारच, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. आता बीकेसीला भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. धारावी, शीतलादेवी, दादर आणि चौथं स्टेशन सिद्धिविनायक. सरकते जिने, लिफ्ट, बसायला जागा, आमच्या काळात हे असतं तर माझ्या आजीने रोज दर्शन घेतलं असतं. मंगळवार नाही हे तुमचं नशीब. तरी सकाळी लवकर जा. साध्या रांगेला पैसे पडत नाहीत, दर्शन लवकर करून देतो म्हणून कोणी बाहेर जवळ आला तर मान हलवून पुढे चालू लागा. मूळ मंदिर १८०१ चं, लहानसं होतं. आताचा सोन्याचा कळस आणि भोवतीची गर्दी पुढची.

दर्शन झालं की परतीच्या वाटेवर दादरला उतरा आणि विचारत विचारत शिवाजी पार्कला चालत जा. मैदान महापालिकेने १९२५ मध्ये खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. शिवाजी पार्क झालं १९२७ मध्ये. सभोवती बसका कट्टा आहे, पूर्ण फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. सासूबाईंना त्या कट्ट्यावर बसू द्या. शेजारी त्यांच्याच वयाच्या बायका असतील आणि दहा मिनिटांत सुनांचा विषय निघेल, तुम्ही जरा लांब बसा. मैदानात एकाच वेळी इतके क्रिकेटचे डाव चालू असतात की कोणाचा चेंडू कोण पकडतोय ते कळत नाही. महाराजांचा अश्वारूढ पुतळाही नीट बघा. हातात उपसलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. अश्वारूढ महाराज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवारच येते, म्हणून लहानपणी मला हा हात कोणाला तरी बोलावतोय असं वाटायचं.

पार्कामागे समुद्राच्या बाजूला चालत गेलात की चैत्यभूमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ ला तिथे अंत्यसंस्कार झाले. स्तूप लहान आहे, शांत आहे. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात येताय म्हणून निवांत बसता येईल. ६ डिसेंबरला मात्र लाखो माणसं पायी, रेल्वेने, मिळेल त्या गाडीने इथे येतात, शिवाजी पार्कवर मुक्काम करतात आणि परत जाताना पुस्तकं विकत घेऊन जातात. त्या दिवसांत कधी मुंबईत असलात तर तेवढ्यासाठी मुद्दाम या. मला या शहरात त्याहून मोठं दृश्य माहीत नाही.

मुलीच्या चित्रांसाठी शनिवारी दुपारी अजून एक करता येईल, पण ते जवळ नाही हे आधीच सांगते. त्याच मेट्रोने हुतात्मा चौक. भाडं माणशी सत्तर रुपयांपेक्षा जास्त होत नाही, दादरहून त्याहून कमीच. तिथून चालत काळा घोडा भागातली जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासून चालू आहे, प्रवेशाला पैसे नाहीत, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. आत देशभरचे चित्रकार आपली चित्रं लावून स्वतः बसलेले असतात, आणि बाहेर फुटपाथवरही चित्रकार असतात. तुमच्या मुलीला सांगा, तिची वही उघडून त्यातल्या एखाद्याला दाखव. मोठी माणसं मुलांच्या वह्या बघतात. सासूबाई दमल्या असतील तर हे सोडून द्या, त्यांना ओढत नेऊ नका.

रविवारी सकाळी शीव. कुर्ल्याहून धीमी लोकल पकडली की पुढचंच स्टेशन, तिकीट पाच रुपये. रोजच्या दिवशी सकाळी ही लोकल तुम्हाला झेपणार नाही, रविवारी झेपेल. फलाटावरची पाटी मुलीला वाचायला लावा. इंग्रजीत सायन, मराठीत शीव. शीव म्हणजे सीमा, आपण गावाची शीव म्हणतो तीच. मुंबई बेटाची शीव इथे संपायची. म्हणून इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात, गव्हर्नर जेरार्ड अँजियरच्या वेळी, इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, अलीकडे आपली मुंबई, हे बजावून सांगायला. नावातच सगळा इतिहास आहे आणि रोज लाखो माणसं तो इतिहास फलाटावर ऐकतात, "पुढील स्टेशन शीव".

टेकडीच्या पायथ्याला नेहरू उद्यान आहे, सासूबाई तिथे बसतील. वर जायला पायऱ्या आहेत, पाच-दहा मिनिटांची चढण. भिंती पडक्या, खोल्यांना छत नाही, झाडं उगवलेली. देखभाल व्हायला हवी तशी नाही, हे दरवेळी टोचतं. पण वरून चारी बाजूंना नजर टाका. शुक्रवारी तुम्ही खाडीच्या तोंडावर उभ्या होतात, आज आतल्या टोकाला उभ्या आहात. मधे धारावी. त्या धारावीत अजून एक किल्ला आहे, रिवा किंवा काळा किल्ला. गव्हर्नर जॉन हॉर्नच्या वेळी, १७३७ मध्ये बांधलेला, आणि मराठ्यांनी ठाणं घेतलं तेही त्याच साली. इंग्रजांना कसली घाई झाली असेल ते समजतं. तिथे जा असं मी सांगणार नाही, वाट दाट वस्तीतून आहे आणि सासूबाईंना जमणार नाही. बेस्टच्या बसवर "काळा किल्ला" अशी पाटी दिसली तर मुलीला दाखवा, म्हणजे झालं. कोणी "धारावी दाखवतो" म्हणून पैसे मागत आला तरी जाऊ नका. लोक राहतात ती घरं बघायला तिकीट काढून जाणं मला पटत नाही. कुंभारवाड्यात पणत्या घ्यायला जायचं असेल तर गिऱ्हाईक म्हणून जा, पणत्या घ्या, चार शब्द बोला.

माहीमचा कॉजवेही तुम्ही एकदा तरी पार कराल, वांद्र्याहून दादरकडे बसने गेलात तर. आधी इथे पूल नव्हता. होडीने खाडी ओलांडायची, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडायची. सरकारने पैसे द्यायला नकार दिला. तेव्हा सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःचे दीड लाखावर रुपये दिले, १८४० च्या दशकात. अट एकच घातली, पुलावरून जाणाऱ्या कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. माहीमकडचा लेडी जमशेदजी रोड त्यांच्याच नावाचा. आम्ही लहानपणी बसमधून त्या कॉजवेवरून जायचो तेव्हा वडील दरवेळी सांगायचे, "हा रस्ता एका बाईने आपल्याला फुकट दिलाय." दरवेळी. आम्ही खिडकीकडे तोंड करून हसायचो. आज मी माझ्या नातवंडांना तेच वाक्य सांगते. तुम्हीही बसमध्ये मुलीला सांगा, मुंबईत फुकट फिरायला मिळतं ते असं कोणीतरी आधी पैसे मोजलेले असतात म्हणून.

आता सेंटरच्या अगदी जवळचं. त्याच आवारात धीरूभाई अंबानी चौकात संध्याकाळी कारंज्यांचा खेळ होतो, दिवे आणि संगीतासह. बघायला पैसे नाहीत. वेळा बदलत असतात, फाटकावरच्या रक्षकाला विचारा. रविवारी स्टॉल आवरला की यजमानांना घेऊन चौघं जा. तीन दिवस उभं राहून त्यांचे पाय भरून आलेले असतील, तिथे बसायला मिळेल. बाजूच्या मॉलमध्ये काही घेऊ नका, भाव आपले नाहीत. तरी आत जायला हरकत नाही, स्वच्छ बाथरूम आणि थंड हवा कोणीही वापरू शकतं. बायकांना दिवसभर बाहेर फिरताना सगळ्यात मोठी अडचण हीच असते आणि कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

आणि सेंटरपासून रिक्षाने थोडक्या अंतरावर कलानगरला साहित्य सहवास आहे. मराठी साहित्यिकांनी मिळून उभी केलेली ही वसाहत. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ इथे राहिले, हिंदीतले धर्मवीर भारती राहिले. इमारतींना नावंसुद्धा झपूर्झा, शाकुंतल अशी. कवी रमेश तेंडुलकरांचं घर इथेच, म्हणजे सचिन याच आवारात चेंडू मारत मोठा झाला. लोकांची राहती घरं आहेत, आत शिरू नका, बाहेरच्या रस्त्याने एक चक्कर मारा. आम्ही शाळेतून येताना मुद्दाम वाट वाकडी करून इथून यायचो, विंदा दिसतात का बघायला. एकदा दिसले. हातात भाजीची पिशवी होती, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. अजून मेथी निवडताना मला ते आठवतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी या सगळ्या भागात शिरली. आमच्या जुन्या वसाहतीतल्या तळमजल्यांवर छातीएवढं पाणी होतं. नदीची जागा आपण भराव घालून घेतली होती. बीकेसीतल्या कुठल्याही पुलावर उभं राहिलात तर खाली तिवरं आणि पांढरे बगळे दिसतील, ओहोटी असेल तर वासही येईल. मुलीने विचारलं तर नाकाला रुमाल लावून पुढे नेऊ नका, तिला सांगा ही नदी आहे.

पैशाचं शेवटचं. बीकेसीत खायचं महाग आहे. लॉजवरून निघताना पोळी-चटणीचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या घ्या, स्टेशनच्या बाहेर वडापाव मिळतोच. रिक्षा माहीमच्या खाडीपलीकडे शहरात येत नाही, तिकडे बस, मेट्रो किंवा टॅक्सी. मुलीला प्रदर्शनात न्यायचं असेल तर वयाची अट आहे का ते यजमानांना आधी विचारायला सांगा, कित्येक व्यापारी प्रदर्शनांत लहान मुलांना सोडत नाहीत. सोडत असतील तर रविवारी दुपारी तासभर न्या. बाबांच्या स्टॉलवर त्यांचं नाव लिहिलेली पाटी तिने बघायला हवी, आणि तिचा तिथला फोटो तुम्ही काढायला हवा.

काठी न्या. सासूबाईंना सांगा, मोत माउलीच्या टेकडीवर, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, शीवच्या बागेत, सगळीकडे काठीवाल्या बायका आहेत. तरी ऐकत नसतील तर काठी तुम्ही स्वतःच्या हातात धरा आणि चालू लागा. पहिल्या उताराला त्या स्वतःहून मागून घेतील. पिशवीत एक जुनी चादरही टाका, नेहरू उद्यानातलं गवत सकाळी ओलं असतं.